फोटोपुरते निळे निशाण

मी एक जुनी काच आहे. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने किंचित खरबरीत; अठरा सेंटिमीटर रुंद आणि चोवीस सेंटिमीटर लांब. खिडकीच्या काचेतून तुम्ही थेट पलीकडचे बघता. माझ्यातून बघायला गेलात, तर मध्येच एक नदी आडवी येते. त्या नदीत हजारो ओंडके अडकून पडले आहेत आणि त्या ओंडक्यांवर एक तरुण उभा आहे. त्याला खाली उतरता येत नाही. मलाही त्याला उतरवता येत नाही. मित्रांनो, आम्हा दोघांची ही गोष्ट आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, लाल दिव्याच्या उजेडात झाला. वासरांच्या हाडांपासून केलेले जिलेटिन वितळवायचे, त्यात चांदीचे क्षार मिसळायचे आणि तो पातळ थर काचेवर पसरून वाळवायचा, अशी आमची कृती. दिवा लालच का, असे तुम्ही विचाराल. कारण आमच्या जातीच्या काचांना लाल रंग दिसत नाही. निळा उजेड आमच्यावर पडला की चांदी लगेच जागी होते. लाल उजेड मात्र नुसता अंगावरून निघून जातो. म्हणून आमच्यावरून छापलेल्या फोटोत लाल वस्तू काळी दिसते आणि निळी वस्तू पांढरी. एवढे मात्र लक्षात ठेवा. एका माणसाचे अर्धे आयुष्य या बारीकशा गोष्टीत अडकून पडणार आहे.

बारा बहिणी एका खोक्यात, काळ्या कागदात गुंडाळलेल्या, अशा आम्ही उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या ग्रानसेले गावी टेक्ला नूर्डीनच्या घरी आलो. टेक्ला तेव्हा तिशीची होती. उंच, कमी बोलणारी, आणि रसायनांमुळे बोटांची टोके कायम काळी. त्या भागात फोटो काढणारी ती एकटीच. हिवाळ्यात कॅमेरा घसरगाडीवर बांधून ती स्कीवरून रानात जायची आणि लाकूडतोड्यांचे फोटो काढायची: दाढीत बर्फाचे मणी अडकलेली माणसे, ओंडके ओढणारे घोडे, झोपडीत शेगडीवर टांगलेले तीस ओले मोजे. बर्फ वितळले की तेच ओंडके नदीत सोडले जायचे. मग टेक्ला नदीच्या काठाने चालायची. ती माणसे तिला ‘काचवाल्या बाई’ म्हणायची, आणि तिला ते आवडायचे.

नदीच्या कामात एक रीत होती. ओंडके वाहताना कुठेतरी खडकाला अडतात, मागचे त्यांच्यावर चढतात आणि घरापेक्षा उंच गुंता होतो. तो सोडवायला कधी कधी आठवडा लागतो. शेवटचा घाव घालायच्या आधी सगळी टोळी त्या गुंत्यापुढे उभी राहून फोटो काढून घ्यायची, आणि प्रत्येक जण एक प्रत घरी पाठवायचा. कारण, ते म्हणायचे, गुंता वाहून गेला की केलेल्या कामाची खूण म्हणून काहीच उरत नाही. फोटो नसेल तर आई म्हणते, नदीवर जाऊन महिनाभर झोपलाच असशील!

१९०७ च्या मे महिन्यात स्टेनो नदीवर असा गुंता झाला. सातव्या दिवशी टेक्ला तिथे पोहोचली. मी तिच्या कॅमेऱ्याच्या लाकडी चौकटीत होते. चौकटीला झडप होती, झडपेच्या आत अंधार. दिसत काही नव्हते, पण ऐकू सगळे येत होते.

तुम्हाला तिथली व्यवस्था सांगायला हवी. नदीच्या वरच्या अंगाला, सैल केलेला गुंता वाहून न्यायला पाणी साठवणारा एक लाकडी बांध होता आणि त्यावर राखणदार होता हेनिंग बीलुंड. गुंत्याशेजारी खडकावर एक उंच काठी रोवलेली होती. काठीवर लाल निशाण असेल, तर ‘गुंत्यावर माणसे आहेत, पाणी सोडू नकोस.’ निळे चढले, तर ‘सगळे काठावर आले, सोड.’ हेनिंगने दुर्बिणीतून निशाण बघायचे आणि निळे दिसताच बांधाची दारे उघडायची. विचारायला खाली यायचे नाही, कारण येण्याजाण्यात तास जातो. पाणी गुंत्यापर्यंत पोहोचायला सहा-सात मिनिटे लागत.

निशाण बदलायचा हक्क एकाच माणसाचा होता. तो म्हणजे टोळीचा मुकादम, इसाक ग्रुब.

“काचवाल्या बाई, माझं नाक जरा बारीक काढा हं!” कोणीतरी ओरडले.

“तुझं नाक मावेल एवढी काच कारखान्यातून अजून निघालेली नाही,” टेक्ला काळ्या कापडाखालून म्हणाली. हशा झाला.

“साक्रिस! अरे साक्रिस, खाली ये की! फोटोत मुंगळ्याएवढा दिसशील!”

वरून, लांबून उत्तर आले. “मुंगळा तर मुंगळा! पण गुंत्यावरचा मुंगळा! तुम्ही काठावरच्या कोंबड्या!”

साक्रिस टोळीतला सगळ्यात चपळ गडी. तो गुंत्याच्या माथ्यावर, हातातली लांब आकडी टेकवून उभा होता. त्याला तिथेच उभे राहून फोटोत यायचे होते.

मग मुकादमाचा जड आवाज अगदी जवळून आला. “टेक्ला, मागचं निशाण येईल ना फोटोत? हा कंपनीच्या कचेरीत लागणार आहे.”

“लाल आहे ते. लाल काळं उमटतं,” टेक्ला म्हणाली. “मागे स्प्रूसची काळी झाडी, त्यात काळं फडकं. काठीला मेलेला कावळा टांगल्यासारखं दिसेल.”

“आणि निळं असेल तर?”

“निळं पांढरं येईल. अगदी उठून दिसेल.”

“मग निळं चढवतो. फोटोपुरतं.”

टेक्ला कापडाखालून बाहेर आली असावी, कारण तिचा आवाज स्पष्ट झाला. “अहो मुकादम, वर हेनिंग बघत असेल.”

“आत्ता त्याची कॉफीची वेळ. तुझ्या भिंगावर टोपी परत बसायच्या आत मी खाली घेतो की.”

मित्रांनो, या ठिकाणी ती ‘नको’ म्हणू शकत होती. मी झडपेमागे वाट बघत होते. पण सकाळपासूनचे ढग नेमके तेव्हाच फाकले होते, उजेड फार सुंदर पडला होता, आणि माणसे एका ओळीत उभी होती. टेक्ला म्हणाली, “बरं. पण लवकर करा.”

दोरी कुरकुरली. टेक्लाने माझी झडप ओढली. “हलू नका!” आणि तिने भिंगावरची टोपी काढली.

एक सेकंद. माझे सारे आयुष्य म्हणजे तेवढा एक सेकंद. कॅमेऱ्यात सगळे उलटे पडते, म्हणून मी उलटी टोळी पाहिली. चौदा माणसे भिंगाकडे तोंड करून, निशाणाकडे पाठ करून उभी. त्यांच्यामागे गुंता. गुंत्यावर साक्रिस, आणि नेमक्या त्याच सेकंदात त्याने टोपी काढून उंच धरली. काठीशेजारी इसाक, छाती पुढे काढून. काठीवर निळे निशाण. टोपी भिंगावर बसली आणि पुन्हा अंधार झाला.

दोरी परत कुरकुरली. निळे उतरले, लाल चढले. मिनिटही झाले नसेल. माणसे हसत पांगली. टेक्ला कॅमेऱ्याचे पाय मिटू लागली, कोणीतरी खारवलेल्या मांसाचा तवा तापवायला घेतला. सगळ्यांनी आता मागे वळून पाहिले असते, तर त्यांना लाल निशाणच दिसले असते.

मग लांबून एक आवाज यायला लागला. सुरुवातीला पुलावरून गाडी जावी तसा. “पाणी!” कोणीतरी किंचाळले. “साक्रिस! उतर! अरे पळ!” त्यानंतर ओंडके एकमेकांवर आदळल्याचा एवढा मोठा आवाज झाला, की चौकटीत माझी कड थरथरली. पुढचे मी पाहिले नाही. मी बंद होते. नदी मोकळी झाली, तेव्हा तिथे साक्रिसच्या नावाने हाका मारणाऱ्या माणसांखेरीज काही ऐकू येत नव्हते.

त्याच संध्याकाळी टेक्लाने अंधाऱ्या खोलीत मला रसायनात बुडवले. माझ्यावर चित्र हळूहळू वर आले. लाल दिव्याखाली तिने मला तिरपे धरले आणि कितीतरी वेळ ती हललीच नाही. साक्रिस जरासा हलला होता. चेहऱ्याच्या जागी एक पुसट डाग. पण तो होता. आणि निशाणही होते. एकाच काचेवर, एकाच सेकंदात, वर माणूस आणि काठीवर निळे.

दार वाजले. इसाक ग्रुब होता. आत येऊन त्याने दार लावून घेतले.

“सगळे सांगतायत, लाल होतं,” तो म्हणाला. “पाणी आलं तेव्हा लालच होतं, टेक्ला. ते खोटं बोलत नाहीयेत.”

“आणि हेनिंग?”

“तो म्हणतो, मला निळं दिसलं. आता बघ, एकीकडे चौदा माणसं, दुसरीकडे तो एकटा. माणसाच्या डोळ्यांची चूक होऊ शकते.”

“त्याची चूक नाहीये.”

इसाकचा आवाज एकदम खाली आला. “मेलेला कावळा कोण म्हणालं होतं गं?”

टेक्लाने मला वाळायला ताटलीत उभे केले. रसायनाचे थेंब माझ्या कडेवरून ताटलीत पडत होते. जाताना इसाक दारात म्हणाला, “मला पाच पोरं आहेत. आणि साक्रिस काही परत येणार नाही.”

तीन दिवसांनी अंमलदार चौकशीला आला. खुर्चीत बसून त्याने कॉफी घेतली आणि फोटो मागितला.

“ती काच फुटली,” टेक्ला म्हणाली. “धावपळीत खडकावर आपटली.”

“अरेरे. त्या राखणदाराचा तेवढाच आधार होता,” अंमलदार म्हणाला आणि त्याने ते लिहून घेतले.

मी हे एका खोक्यातून ऐकले. टेक्लाने मला खरोखरच फुटलेल्या काचांच्या तुकड्यांमध्ये ठेवले होते आणि खोक्यावर लिहिले होते ‘फुटक्या’. खोके फडताळाच्या सगळ्यात खालच्या फळीवर गेले. तिच्या वहीत माझ्या आकड्यापुढे ‘फुटली’ अशी नोंद झाली. मित्रांनो, तडा जाऊन फुटणे वेगळे. मी धडधाकट होते, एक कपचाही उडाला नव्हता, आणि तरी जगाच्या लेखी मी नव्हते. खरी गोष्ट पोटात असून ती कुणाला दाखवता येत नाही, याचे दुखणे फुटण्याहून मोठे आहे. काच स्वतःहून बोलत नाही. तिला कोणीतरी उजेडात धरावे लागते.

त्या फळीवर मी चोवीस वर्षे होते. माझ्यावर वजन वाढत गेले. नवी खोकी माझ्यावर रचली गेली. बाहेरचे जे कळायचे ते फोटो काढून घ्यायला येणाऱ्यांच्या गप्पांतून. एक नवरा-नवरी आली होती. नवरी डोक्यावरची जाळी नीट करता करता म्हणाली, “बांधावर नवा माणूस ठेवलाय. हेनिंगला आता रानात झाडांच्या मुळांपासून डांबर काढायला धाडलंय. रंगच कळत नाहीत म्हणे त्याला!” आणखी एकदा दोन तरुण आले. जत्रेत त्यांनी हेनिंगपुढे लोकरीचा हातमोजा धरला होता. “काय हेनिंगकाका, कुठला रंग सांगा बघू?” सांगताना ते अजून हसत होते. “काही बोललाच नाही तो! बघतच राहिला मोज्याकडे!”

“हलू नका,” टेक्ला म्हणाली. इतक्या तुटक आवाजात, की ते गप्प झाले.

कधी कधी ती फडताळापुढे बसायची. वरची खोकी उतरवायची, माझ्या खोक्यावरची धूळ पुसायची. झाकणावर तिची बोटे टेकलेली मला कळायची. मी वाट बघायचे. मग ती वरची खोकी परत रचायची, एक, दोन, तीन, चार.

१९३१ साल आले. तोवर काचा जुन्या झाल्या होत्या. लोक फिल्मवर फोटो काढू लागले होते. पण काचांना एक नवेच गिऱ्हाईक मिळाले. गावात जो तो काकड्या आणि टोमॅटोसाठी अंगणात काचघर बांधत होता, आणि आमचा आकार त्या चौकटींना नेमका बसायचा. काच गरम पाणी आणि सोड्यात भिजवली, की दुधावरची साय निघावी तसा चित्राचा थर सुटून येतो. अख्खी लग्ने, घोडे, शाळेचे वर्ग त्या टबात विरघळले. माझ्या वरची खोकी एकेक करून कमी झाली. मला हलके वाटायला हवे होते, पण मला भीती वाटत होती.

मग एके दिवशी दुपारी दार वाजले आणि एक म्हातारा आवाज म्हणाला, “काचा देतेस असं ऐकलं. चाळीस हव्या होत्या. बदल्यात पर्च मासे आणलेत, सकाळीच धरलेले.”

टेक्लाने दार पूर्ण उघडले. “ये ना, हेनिंग. आत ये.”

चोवीस वर्षांत तो त्या घरात पहिल्यांदा येत होता. टबाशी बसून तोही काचा घासू लागला. टोमॅटोंबद्दल बोलला, गुडघ्यांबद्दल बोलला. काचा मोजल्या तर सदतीस भरल्या.

“संपल्या,” टेक्ला म्हणाली. “खालचं खोकं फुटक्यांचं आहे.”

“फुटक्याही चालतील. कोपऱ्यात तिरप्या बसवीन.” खोके त्याने स्वतःच ओढून घेतले. तुकडे बाजूला करता करता त्याच्या हाती मी लागले. “ही तर अख्खी आहे की.”

त्याने मला उचलले. ओल्या, सोड्याने चिकट झालेल्या हातांनी. टब हातभर अंतरावर होता. टेक्ला मला त्याच्या हातातून घेऊन पाण्यात सोडू शकली असती. एका क्षणाचे काम.

“त्या पाण्यात घालू नकोस,” ती म्हणाली. “उजेडात धर.”

त्याने मला खिडकीत धरले. मित्रांनो, चोवीस वर्षांनी माझ्यातून सूर्य आरपार गेला. पण काचेवर सगळे उफराटे असते, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे. हेनिंगला ओंडके ओळखू आले, काठी ओळखू आली. तो म्हणाला, “ही... ही तर त्या दिवसाची. फुटली होती ना?”

टेक्लाने मला त्याच्या हातातून घेतले. तिने मला एका चौकटीत फोटोच्या कागदावर दाबून बसवले आणि चौकट उन्हात ठेवली. त्या कागदाला अंधारी खोली लागत नाही. ऊन पडेल तसे चित्र डोळ्यांदेखत उमटते. दोघे शेजारी उभे राहून बघत होते. आधी गुंत्यामागची झाडी काळी झाली, मग माणसांचे कोट, मग ओंडक्यांच्या सावल्या. सगळा कागद हळूहळू तपकिरी होत गेला. काठीच्या टोकाशी एक चौकोन तेवढा पांढराच राहिला.

“पांढरं?” हेनिंग पुटपुटला. “पांढरं निशाण तर कधीच नव्हतं.”

“पांढरं म्हणजे निळं. लाल असतं, तर काळं आलं असतं. झाडीत दिसलंच नसतं. म्हणूनच इसाकनं बदललं, फोटोपुरतं. आणि लाल वाईट दिसेल हे त्याला मी सांगितलं होतं.” ती हे सगळे एका दमात बोलली. “तू बरोबर पाहिलंस. मी काच लपवली. इसाक होता तोवर त्याची भीती, असं मी स्वतःला सांगायची. पण तो जाऊन दोन वर्षं झाली, आणि तरी मी गप्पच. शेवटी सवयच होते.”

हेनिंग स्टुलावर बसला. तो ओरडेल, मला भिंतीवर भिरकावेल, असे मला वाटले. स्टूल कुरकुरले.

“लोकांचं सोड,” शेवटी तो म्हणाला. “हसून लोक घरी जातात. पण टेक्ला, मी रोज सकाळी चूल पेटवतो आणि विस्तवाकडे बघत बसतो. हे लाल आहे का? की मला नुसतं वाटतंय? बायकोनं एकदा निळा रुमाल दिला, तर तो मी शेजाऱ्याला नेऊन दाखवला. चोवीस वर्षं. मला वाटायला लागलं होतं, की खरंच मीच मारलं त्या पोराला.”

टेक्ला रडली की नाही, मला माहीत नाही; मी चौकटीत पालथी होते. पण थोड्या वेळाने हेनिंग म्हणाला, “ते मासे आधी पाण्यात घाल. वास मारतील.”

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर टेक्लाने आवाराच्या भिंतीवर दोन फोटो लावले. एक माझ्यावरून छापलेला. दुसरा नवा: अंधाऱ्या खोलीत काळ्या कागदात उरलेल्या माझ्यासारख्याच एका कोऱ्या काचेवर तिने लाल आणि निळे कापड शेजारी शेजारी टांगून काढला होता. खाली ती दोन्ही कापडे खिळ्याने ठोकली होती, म्हणजे कोणालाही ताडून बघता यावे. मग ती भिंतीपाशी उभी राहिली आणि जो विचारेल त्याला सगळे सांगत राहिली, स्वतःच्या कावळ्यासकट. काही जण त्यानंतर तिच्याशी पुन्हा बोलले नाहीत. त्या दोन तरुणांपैकी एक, आता चाळिशीचा, हेनिंगसमोर येऊन टोपी हातात धरून उभा राहिला आणि तसाच परत गेला.

साक्रिसची बहीणही आली. तिने फोटो नाकाशी नेऊन पाहिला. “हलला आहे थोडा,” ती म्हणाली. मग हसली. “एका जागी कधी उभाच राहिला नाही मेला.”

हेनिंगच्या काचघराला तीन काचा कमी पडल्या, तिथे त्याने पत्रा लावला. टेक्लाने वहीतली ‘फुटली’ ही नोंद खोडली. ती दोघेही आता नाहीत. मी ग्रानसेलेच्या ग्रंथालयातल्या एका खणात, कापसाच्या घडीत आहे. एका कोपऱ्याला माझा थर उचलला जातो आहे; वर्षाला केसभर. तिथून निशाणापर्यंत अजून बरेच अंतर आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात, माळ्यावर, एखाद्या खोक्यात अशी जुनी काच सापडली तर ती घासण्याआधी एकदा उजेडात धरा. खोक्यावर काय लिहिले आहे, त्यावर विश्वास ठेवू नका. आणि एखादा माणूस एकटाच म्हणत असेल की मी हे पाहिले, तर चौदांकडे बघून त्याला हसू नका. चौदा जण कदाचित भिंगाकडे तोंड करून उभे असतील.

कधी कोणी खण उघडते आणि मला खिडकीपाशी नेते. तेव्हा साक्रिस दिसतो. टोपी उंच धरलेली, पाय ओंडक्यावर. त्याला मी सोडवू शकले नाही. पण माझ्यात तो एकच सेकंद आहे, आणि त्या सेकंदात पाणी अजून आलेले नाही.